छत्तीस ग्रॅम पाणी

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या शाळेच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासीत होतो. नववीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत तीन गुणांचे एक उदाहरण घातले होते : ४ ग्रॅम हायड्रोजन पुरेशा ऑक्सिजनमध्ये पूर्णपणे जाळला, तर किती ग्रॅम पाणी तयार होईल? एका विद्यार्थिनीने पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचाही एकच अणू धरला होता. पुढे ऑक्सिजनच्या अणुवस्तुमानाच्या जागी तिने १६ ऐवजी ८ हा आकडा घेतला होता; अणुअंक आणि अणुवस्तुमान यांची ही नेहमीची गल्लत. मग १ आणि ८ मिळून ९. १ ग्रॅम हायड्रोजनपासून ९ ग्रॅम पाणी, म्हणून ४ ग्रॅमपासून ३६ ग्रॅम. उत्तर अचूक होते. रीत मात्र दोन ठिकाणी चुकली होती. मी लाल शाईने दोन्ही ओळी खोडल्या आणि समासात शून्य लिहिले.

उत्तरपत्रिका वाटल्या, तेव्हा ती टेबलाजवळ आली. गुण वाढवून मागायला आली असेल, असे मला वाटले. तिने विचारले, "सर, दोन्ही गोष्टी चुकल्या, मग उत्तर बरोबर कसं आलं?" मी म्हणालो, "योगायोग." तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि ती झाल्याचे मला बरे वाटले, हेही येथे कबूल करतो.

तो योगायोग नव्हता. त्या मुलीने चुकून जे लिहिले होते, तेच एकोणिसाव्या शतकात युरोपातील नामांकित रसायनशास्त्रज्ञ जाणूनबुजून लिहीत होते. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक अणू. हायड्रोजनचे वजन १, ऑक्सिजनचे ८. त्यांचीही उत्तरे बरोबर येत. त्या उत्तरांच्या भरवशावर कारखाने चालत, औषधे तयार होत. हे मला पुढे निवृत्तीनंतर, वाचायला सवड मिळाली तेव्हा नीटसे उमगले. संपादक मंडळाने या हीरक महोत्सवी ग्रंथासाठी माझ्या विषयातील काही लिहिण्यास सांगितले, तेव्हा त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर द्यावे, असे मनाशी ठरविले.

रासायनिक अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो आणि त्यातून काय किती निघते, या गणिताचा आरंभ जमाखर्चाच्या वहीपासून करणे योग्य होईल, कारण ज्याने ते पद्धतशीरपणे मांडले तो आंत्वान लाव्हाझिए हा व्यवसायाने हिशेबी माणूस होता. फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करणाऱ्या खाजगी कंपनीचा तो भागीदार होता, आणि त्याच भागीदारीपायी ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनवर जावे लागले. त्याच्या १७८९ च्या ग्रंथात द्राक्षरस आंबण्याच्या क्रियेवर एक प्रकरण आहे. आंबण्यापूर्वी किती साखर, किती पाणी, किती किण्व. आंबल्यानंतर किती अल्कोहोल, किती कार्बन डायऑक्साइड, किती साखर शिल्लक, हे सारे त्याने तोलून मांडले. क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच क्रियेनंतर, हे गृहीत धरून त्याने द्राक्षरस एका बाजूस आणि त्यापासून झालेले पदार्थ दुसऱ्या बाजूस लिहिले व मध्ये बरोबरीचे चिन्ह घातले. आज आठवीतला विद्यार्थी जे समीकरण लिहितो, त्याचा हा पूर्वज.

गंमत अशी, की सव्वाशे वर्षांनंतर किण्वनक्रियेचा अधिकारी अभ्यासक आर्थर हार्डन याने लाव्हाझिएचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत ठळक चुका आढळल्या. त्या चुका सुदैवाने एकमेकींना खोडून काढीत होत्या, म्हणून निष्कर्ष सत्याच्या जवळ आला होता. आमच्या नववीच्या वर्गात लाव्हाझिए बसला असता, तर त्यालाही मी बहुधा शून्यच दिले असते.

प्रमाण ठरवून पदार्थ एकत्र करणे आपल्याकडेही जुने आहे. 'रसरत्नसमुच्चया'सारख्या ग्रंथांतून पारा आणि गंधक खलून कज्जली करण्याचे विधी आहेत. गंधक समभाग घ्यावा, दुप्पट घ्यावा, सहापट घ्यावा, असे भेद त्यांत केलेले असतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या दोन खंडांच्या इतिहासात, १९०२ आणि १९०९ साली, ही परंपरा आधुनिक रसायनशास्त्राच्या अभ्यासकांपुढे ठेवली. आता आजच्या आकड्यांनी पाहू. १०० ग्रॅम पाऱ्याशी संयोग पावण्यास गंधक लागतो सुमारे १६ ग्रॅम, आणि तयार होते ११६ ग्रॅम मर्क्युरिक सल्फाइड. समभाग कज्जलीत गंधक १०० ग्रॅम, म्हणजे ८४ ग्रॅम गंधक जास्तीचा. तो रससिंदूर करताना कुपीच्या तोंडाशी जळून जातो. रसवैद्यांच्या नजरेतून ते जळणे सुटले नव्हते. ती ज्योत थांबणे ही त्यांची पाकाची एक खूणच असते. परंतु जळून गेला तो किती आणि पाऱ्याने धरून ठेवला तो किती, हे तोलून पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. त्यांना हवा होता गुण. मोजायचा होता तो औषधाचा परिणाम. म्हणून त्यांच्या प्रमाणांना आजच्या समीकरणाचे मूळ ठरविण्याचा उत्साह मला पटत नाही, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा उद्दामपणा तर मुळीच नाही.

या गणिताला नाव मिळाले ते जर्मनीत. येरेमियास बेंजामिन रिख्टर हा १७६२ साली जन्मलेला तरुण, इमॅन्युएल कांट ज्या क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवीत होता, तेथे शिकत होता. निसर्गाच्या कोणत्याही अभ्यासात गणित जेवढे, तेवढेच त्यात खरे शास्त्र, असे कांटने १७८६ मध्ये लिहिले होते आणि त्या कसोटीवर रसायनाला शास्त्रांच्या पंक्तीत बसवण्यास नकार दिला होता. रिख्टरने हे फारच मनावर घेतले असावे. १७८९ साली त्याने प्रबंध लिहिला तो रसायनात गणिताचा उपयोग या विषयावर. आणि १७९२ पासून जो ग्रंथ काढला, त्याच्या नावात 'स्टॉइकिओमेट्री' हा शब्द योजला. मूलतत्त्व आणि मापन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे.

त्याचे निरीक्षण साधे होते. आपल्या प्रयोगशाळेतही ते करता येते. सोडियम सल्फेट आणि बेरियम क्लोराइड यांची द्रावणे घ्या. दोन्ही उदासीन आहेत. लिटमस कागद कोणत्याही रंगाकडे झुकत नाही. ती मिसळा. बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप खाली बसतो, द्रावणात मीठ उरते. जोडीदार बदलले, तरी लिटमस उदासीनच राहतो. वर्गात ही अदलाबदल आम्ही समीकरणाने दाखवतो आणि पुढे जातो. रिख्टर तेथे थांबला. जोडीदार बदलूनही आम्ल किंवा आम्लारी यांपैकी काहीच शिल्लक उरत नाही, याचा अर्थ त्याने असा लावला की, प्रत्येक आम्लाचा आणि प्रत्येक आम्लारीचा आपापला ठरलेला आकडा असला पाहिजे, आणि तो जोडीदार कोण यावर अवलंबून नसला पाहिजे. मग शंभर जोड्यांसाठी शंभर प्रयोग करण्याची गरज नाही. प्रत्येकाचा आकडा एकदा काढला की झाले.

याच्या पुढे मात्र त्याच्या गणितप्रेमाने त्याला भलतीकडे नेले. आम्लारींचे आकडे अंकगणिती श्रेढीत आणि आम्लांचे भूमिती श्रेढीत बसलेच पाहिजेत, असा त्याने हट्ट धरला आणि कित्येक पाने त्यावर घालवली. लेखनही क्लिष्ट होते. १८०२ साली ई. जी. फिशर याने त्याचे विखुरलेले आकडे एकत्र करून एक सुटसुटीत कोष्टक छापले, म्हणून रिख्टर वाचला. त्या कोष्टकात गंधकाम्ल १००० धरले आहे. त्याला उदासीन करण्यास चुना ७९३ भाग आणि सोडा ८५९ भाग लागतो, असे म्हटले आहे. त्या काळी गंधकाम्ल म्हणजे पाण्याविरहित सल्फर ट्रायऑक्साइड समजत, हे ध्यानात घेऊन आजचे आकडे काढले, तर चुना ७०० आणि सोडा ७७५ येतो. दोन्ही आकडे बरेच चढे आहेत. पण चुना आणि सोडा यांचे परस्परप्रमाण रिख्टरचे ०.९२ आणि आजचे ०.९०. त्या काळच्या उपकरणांवर हे काम झाले आहे! पुढे बर्लिनच्या पोर्सेलीन कारखान्यात नोकरी करीत असताना १८०७ साली, पंचेचाळिशीच्या आतबाहेर, तो वारला.

पदार्थाचे घटक ठरावीक प्रमाणातच असतात का, यावर त्याच सुमारास दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांचा मोठा वाद झाला. क्लोद लुई बेर्तोले नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. तेथील खाऱ्या तळ्यांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा तयार झालेला त्याने पाहिला. प्रयोगशाळेत हीच क्रिया उलट दिशेने होते. द्रव्याच्या राशीप्रमाणे क्रियेची दिशा बदलते, तर संयुगांची घडणही राशीप्रमाणे बदलत असली पाहिजे, असे तो म्हणू लागला. स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोझेफ प्रूस्तने उत्तर दिले ते तराजूने. १०० पौंड तांबे आम्लात विरघळवून सोड्याने अवक्षेपित केले, की १८० पौंड हिरवे कार्बोनेट मिळते, आणि खाणीतल्या हिरव्या कार्बोनेटची घडणही तीच, असे त्याने १७९९ मध्ये दाखवले. आजच्या हिशेबाने १८० च्या जागी १७४ हवेत. वाद बरीच वर्षे चालला, दोघांनीही सभ्यता सोडली नाही, आणि प्रूस्त जिंकला. बेर्तोलेची पहिली अर्धी गोष्ट मात्र खरी होती. राशीचा परिणाम अभिक्रियेवर होतोच, आणि त्याचा नियम १८६४ साली नॉर्वेत गुल्डबर्ग आणि वॉगे यांनी मांडला. पाठ्यपुस्तकात प्रूस्तला एक चौकट मिळते आणि बेर्तोलेचे नावही येत नाही, हे मला नेहमीच खटकत आले आहे.

आता आपण त्या उत्तरपत्रिकेजवळ येतो.

जॉन डाल्टन हा मँचेस्टरमध्ये खाजगी शिकवण्या करून राहणारा शिक्षक. घटकांची प्रमाणे ठरावीक का, याचे त्याने दिलेले उत्तर आपण सर्वांनी पाठ केलेले आहे : द्रव्य अणूंचे बनले आहे, आणि एका मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्या वजनाचे आहेत. १८०३ मध्ये त्याने आपल्या वहीत अणूंच्या सापेक्ष वजनांचे पहिले कोष्टक लिहिले. त्यासाठी त्याला एक अडचण ओलांडावी लागली. पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या वजनांचे प्रमाण तराजूने कळते. परंतु एका कणात कोणाचे किती अणू आहेत, हे तराजू सांगत नाही. डाल्टनने एक नियम घालून घेतला : दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू धरावा. त्याला पाणी हे असे एकच संयुग माहीत होते. म्हणून पाणी म्हणजे एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. १८०८ च्या ग्रंथात त्याने ऑक्सिजनचे वजन ७ आणि पाण्याचे ८ दिले. पुढे पृथक्करण सुधारले, तसे ते ८ आणि ९ झाले.

हेच त्या मुलीचे १ आणि ८.

पाण्यातील वजनांचे प्रमाण १ ला ८ आहे, एवढे प्रयोगाने ठरले. आता कणात एकास एक अणू माना, म्हणजे ऑक्सिजनचा अणू ८ होतो. दोनास एक माना, तो १६ होतो. एकास दोन माना, तो ४ होतो. या तिन्हींपैकी कोणतेही मत घेऊन ४ ग्रॅम हायड्रोजनचे उदाहरण सोडवा. पाणी ३६ ग्रॅमच येते. अणूंच्या संख्येत जी चूक होते, तिची भरपाई अणूच्या वजनात आपोआप होते, कारण ते वजन त्या संख्येवरूनच काढलेले असते. मंगलकार्यानंतर पाहुण्यांना लाडू-चिवड्याच्या पुड्या दिल्या जातात. एकूण लाडवांचे आणि एकूण चिवड्याचे वजन कोणी आपल्याला सांगितले, तर आणखी इतक्या चिवड्याला किती लाडू तोलून द्यावे लागतील, हे आपण अचूक सांगू. पुडीत एक मोठा लाडू होता की दोन लहान, हे मात्र त्यावरून सांगता येणार नाही, आणि तोलण्यासाठी ते कळण्याची गरजही नाही.

ही गरज नसणे हेच पुढच्या अर्धशतकाचे दुखणे ठरले. विल्यम हाइड वॉलस्टन याने १८१४ साली लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञांसाठी एक सरकपट्टी प्रसिद्ध केली. मधल्या सरकत्या पट्टीवर आकडे, दोन्ही कडांना पदार्थांची नावे. हाती असलेल्या पदार्थाच्या नावासमोर त्याचे वजन आणून ठेवावे, म्हणजे त्याला किती आम्ल लागेल, किती क्षार मिळेल, अवक्षेप किती पडेल, हे सर्व नुसते वाचून घ्यावे. गुणाकार-भागाकार काही नाही. ऑक्सिजन १० धरला होता, त्यामुळे पाणी ११.३२ होते. एकास एकच. अणू प्रत्यक्षात किती, या वादात पडण्याची वॉलस्टनला इच्छा नव्हती. व्यवहाराला उपयोगी आकडे त्याला द्यायचे होते आणि त्यांना त्याने 'सममूल्य' एवढेच म्हटले. ती पट्टी प्रयोगशाळांतून आणि औषधशाळांतून बराच काळ वापरात होती. आज मी वर्गात असतो, तर असली पट्टी पुठ्ठ्याची करून मुलांच्या हाती दिली असती.

पेच सोडवण्याची किल्ली एव्हाना छापून झाली होती. गे-ल्यूसॅकने १८०८ च्या अखेरीस दाखवून दिले होते की, वायूंचा संयोग आकारमानाच्या साध्या पूर्णांकांत होतो : दोन माप हायड्रोजन, एक माप ऑक्सिजन आणि त्यापासून दोन माप वाफ. उत्तर इटलीतील आमेदेओ अव्होगाद्रो याने १८११ मध्ये त्यावर म्हटले की, सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत सारखेच रेणू असतात, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असून पाणी होताना तो दुभंगतो. एका मापातून दोन मापे वाफ निघते ती त्यामुळे. कोणी लक्ष दिले नाही. डाल्टनला गे-ल्यूसॅकचे प्रयोगच मान्य नव्हते, शिवाय एकाच जातीचे अणू एकमेकांना दूर लोटतात असे त्याचे मत होते. बर्झेलियसच्या मते संयोग होतो तो विरुद्ध विद्युत्भारांमुळे. मग ऑक्सिजनला ऑक्सिजन चिकटणार कसा? दोघांच्याही हरकती त्या काळी विचारार्ह होत्या. त्यांना केवळ हेकट ठरवून आपण सुटू शकत नाही.

योन्स याकोब बर्झेलियसबद्दल मात्र आणखी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. स्टॉकहोममधील त्याची प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या दोन साध्या खोल्या. आना नावाची स्वयंपाकीण स्वयंपाकही करी आणि काचेची भांडीही विसळी. भांड्याला क्लोरिनचा वास येतो म्हणून तिने जुन्या पद्धतीचे लांबलचक नाव घेतले, तेव्हा आता याला क्लोरिन म्हणायचे, असे बर्झेलियसने तिला समजावून सांगितल्याची आठवण त्याचा शिष्य व्होलर याने लिहून ठेवली आहे. अशा जागेत बसून या माणसाने सुमारे दोन हजार संयुगांची प्रमाणे तपासली. मूलद्रव्यांना आपण आज देतो ती अक्षरचिन्हेही त्याचीच. आकारमानांचा आधार घेऊन त्याने पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू लिहिलेसुद्धा. परंतु त्याची इतर काही वजने वादग्रस्त ठरली आणि १८४० नंतर अनेकांना वाटू लागले की, अणूंचा नाद सोडावा, खात्रीचे सममूल्य आकडे तेवढे ठेवावेत. पाठ्यपुस्तकांत पुन्हा ऑक्सिजन ८ झाला, पाणी एकास एक झाले. ज्ञान नेहमी पुढेच सरकते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. या बाबतीत ते चक्क मागे गेले.

वजनांच्या उदाहरणांत त्याने काही बिघडले नाही. बिघडले ते कार्बनी संयुगांच्या अभ्यासात. कोणी कार्बन ६ धरी, कोणी १२; कोणी ऑक्सिजन ८, कोणी १६. एकच सूत्र दोन लेखकांच्या हातून दोन वेगळे पदार्थ सांगे. ऑगस्ट केकुले याने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची प्रचलित असलेली एकोणीस सूत्रे पानभर छापून दाखवली. ॲसेटिक आम्ल म्हणजे आपल्या घरच्या व्हिनेगरचा आंबटपणा!

अखेर जर्मनीतील कार्ल्सरूह येथे ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सव्वाशेच्या आसपास मंडळी जमली होती. भाषणे झाली, मतभेद झाले, आणि शास्त्रातील प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, अशा भावनेने सभा उठली. निरोप घेताना इटलीच्या आंजेलो पावेसी याने एक पुस्तिका वाटली. ती त्याच्या मित्राची, स्तानिस्लाओ कान्निझारो याची होती. सिसिलीतील १८४८ च्या उठावात भाग घेतल्यामुळे मातृभूमी सोडावी लागलेला हा गृहस्थ नंतर जेनोवात प्राध्यापक झाला होता. पुस्तिका म्हणजे काही नवा शोध नव्हता. विद्यार्थ्यांना हा विषय मी कोणत्या क्रमाने शिकवतो, याची ती रूपरेषा होती, १८५८ साली प्रसिद्ध झालेली.

त्याची रीत फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येते. अव्होगाद्रोचे म्हणणे खरे मानून वायूंची सारखी आकारमाने तोला. हायड्रोजनला २ धरा. मग वाफ १८ येते, आणि तिच्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन डायऑक्साइड ४४, त्यात ऑक्सिजन ३२. खुद्द ऑक्सिजन वायू ३२. कितीही संयुगे तपासा, ऑक्सिजन १६ किंवा त्याच्या पटीत सापडतो. ८ कोठेच सापडत नाही. ज्याचा निम्मा भाग कधी आढळत नाही, तो अणू. तेव्हा ऑक्सिजन १६, आणि वाफेच्या १८ मध्ये उरलेले २ म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू.

लोथार मायरने ती पुस्तिका परतीच्या वाटेवर आणि घरी पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरचा पडदा दूर झाल्यासारखे वाटले, असे पुढे लिहिले. परिषदेला आलेल्यांत सव्वीस वर्षांचा दिमित्री मेंडेलीव्हही होता. अणूंची वजने जागेवर आल्यावाचून १८६९ ची त्याची आवर्तसारणी मांडता आली नसती. अव्होगाद्रो हे पाहायला नव्हता. तो १८५६ मध्येच वारला होता. डाल्टनच्या वहीतील कोष्टकापासून कार्ल्सरूहच्या सभेपर्यंत सत्तावन्न वर्षे झाली होती. आपली शाळा आज त्याहून वयाने मोठी आहे.

आपण आज हे गणित ज्या 'मोल'मध्ये करतो, तो शब्द विल्हेल्म ओस्टवाल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केला. त्या वेळी ओस्टवाल्डचा अणूंवर विश्वासच नव्हता! ग्रॅममध्ये मोजलेले सोयीचे वजन, एवढाच त्याच्या लेखी मोलचा अर्थ होता. १९०९ च्या सुमारास त्याने आपले मत बदलले. तोपर्यंत त्याची उदाहरणे चुकत होती असे नाही.

त्या उत्तरपत्रिकेतील समीकरणाला आजही मी गुण देणार नाही. पाण्यात हायड्रोजनचे अणू दोनच आहेत, आणि अणुअंक म्हणजे अणुवस्तुमान नव्हे. परंतु शून्याखाली मी एक प्रश्न लिहायला हवा होता : आता हे लिटरमध्ये कर. तुझ्या मते दोन्ही वायूंचे अणू सारख्याच संख्येने लागतात. ४ ग्रॅम हायड्रोजन ० अंश सेल्सिअस तापमानाला आणि एक वातावरण दाबाला सुमारे ४४.८ लिटर जागा व्यापतो. त्याला पुरेल एवढा ३२ ग्रॅम ऑक्सिजन प्रत्यक्षात मोजला, तर तो २२.४ लिटरच भरतो. तुझ्या समीकरणाप्रमाणे किती भरायला हवा होता?

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन टेबलाशी आलीच असती, आणि मग घंटा झाली तरी मी तिला थांबवून घेतले असते.